गिनीपिगची जोडी कशी जमवावी आणि कशी सांभाळावी : नव्याने पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीचा प्राणी आहे आणि त्याचे पूर्वज कळपाने राहत आले आहेत. हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहूनही त्याची ही गरज बदललेली नाही. आपण त्याला दिवसातून दोन तास मांडीवर घेतले तरी उरलेले बावीस तास त्याला त्याच्याच जातीचा सोबती लागतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनीपिग एकटा ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे ‘एक ठेवावा की दोन’ हा प्रश्न मी येथे चर्चेला घेतलेला नाही. किमान दोन ठेवावेत हे गृहीत धरून, ते दोघे सुखाने एकत्र कसे राहतील एवढेच या लेखात सांगितले आहे.

आमच्या पुण्यातील घरी पहिली जोडी आली ती ‘दोन्ही माद्या आहेत’ या विक्रेत्याच्या शब्दावर. साधारण दोन महिन्यांनी एकीचे पोट दोन्ही बाजूंनी फुगलेले दिसले, म्हणून आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. तिला दिवस गेले होते आणि तिची ‘बहीण’ नर होती. पुढे पिल्ले झाली, नराची नसबंदी करावी लागली, त्याला कित्येक आठवडे वेगळे ठेवून पुन्हा माद्यांमध्ये सोडावे लागले आणि नर पिल्लांचे स्वतंत्र घर मांडावे लागले. या सगळ्यात जे शिकायला मिळाले ते सुरुवातीलाच कोणी क्रमाने सांगितले असते तर त्या जिवांचा बराच त्रास वाचला असता. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

१. प्राणी आणण्याआधी डॉक्टर शोधा

हे काम बहुतेक जण सर्वांत शेवटी, म्हणजे प्राणी आजारी पडल्यावर करतात. आपल्याकडील अनेक पशुवैद्यांचा रोजचा अनुभव गाई-म्हशींचा किंवा कुत्र्या-मांजरांचा असतो, आणि गिनीपिगची औषधे फार वेगळी असतात. पेनिसिलिन गटातील अमॉक्सिसिलिन आणि अँपिसिलिन ही प्रतिजैविके कुत्र्याला सर्रास दिली जातात. पण तीच गिनीपिगला तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि बहुधा प्राणीही दगावतो. म्हणून फोन करून सरळ विचारा : ‘आपण गिनीपिग आणि ससे नियमित तपासता का? त्यांच्या नराची नसबंदी केली आहे का?’ जवळपास असे कोणी नसेल तर महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. तेथील चिकित्सालयात चौकशी करता येते.

गिनीपिग साधारण पाच ते आठ वर्षे जगतो. मे महिन्यात गावी जाताना किंवा लग्नकार्यासाठी चार दिवस बाहेर असताना त्यांना कोण पाहील, हेही आत्ताच ठरवा. जोडी आहे म्हणून ती स्वतःची काळजी स्वतः घेईल असे होत नाही.

२. जोडी कोणती निवडावी

नवख्या माणसासाठी सर्वांत सोपी जोडी म्हणजे एकाच वेताच्या दोन बहिणी किंवा आई आणि मुलगी. नसबंदी केलेला एक नर आणि एक किंवा दोन माद्या हा गटही अतिशय शांत राहतो. माझ्या मते सर्वांत समाधानी गट हाच. मात्र नसबंदीनंतरही नर सुमारे सहा आठवडे प्रजननक्षम राहू शकतो, म्हणून तेवढा काळ त्याला माद्यांपासून वेगळे ठेवणे अनिवार्य आहे.

दोन नर एकत्र राहत नाहीत, हा समज खरा नाही. दोन भाऊ, किंवा एक प्रौढ आणि एक लहान नर, पुरेशी जागा मिळाली तर आयुष्यभर सोबत राहू शकतात. अट एवढीच की त्यांच्या आसपास, शक्यतो त्याच खोलीतही, मादी नसावी. नर साधारण तीन महिन्यांचे झाल्यापासून वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत त्यांच्यात वर्चस्वाची चढाओढ चालते आणि याच काळात बहुतेक जोड्या मोडतात. तीन नरांचा गट तर नव्या माणसाने करूच नये. दोघे एकत्र येतात आणि तिसरा कोपऱ्यात पडतो.

नसबंदी न केलेला नर आणि मादी कधीही एकत्र ठेवू नका. गर्भकाळ साधारण ५९ ते ७२ दिवसांचा असतो आणि पिल्ले झाल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय मादीची पहिली वीण सहा-आठ महिन्यांच्या वयानंतर झाली तर तिच्या कटीच्या हाडांचा सांधा तोवर घट्ट झालेला असल्यामुळे पिल्लू अडकून आईचा जीव जाण्याचा धोका मोठा असतो. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ असे सुचवणारे भेटतील, पण ते ऐकू नका.

सशाला सोबती म्हणून आणणे हाही असाच एक चुकीचा सल्ला आहे. सशाची लाथ गिनीपिगचे हाड मोडू शकते, आणि बोर्डेटेला नावाचा जिवाणू सशाला न त्रास देता त्याच्या अंगी राहतो व गिनीपिगला मात्र न्यूमोनिया करतो.

३. नर की मादी, हे स्वतः तपासा

दोघांनाही दोन स्तनाग्रे असतात, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. प्राण्याला एका हाताने छातीखाली आधार देऊन, पाठ आपल्या अंगाला टेकवून अलगद उभे धरा. मादीच्या जननेंद्रियाचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दिसतो. नराचे छिद्र ठिपक्यासारखे असते आणि त्याच्या किंचित वर बोटाने हलका दाब दिला की लिंग बाहेर येते. मोठ्या नराचे वृषण दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसतात. लहान पिल्लात चूक होणे सहज शक्य असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून खात्री करून घ्या आणि महिन्याभराने पुन्हा एकदा तपासा.

घरी पिल्ले झालीच तर नर पिल्लांना २१ व्या दिवशी आई आणि बहिणींपासून वेगळे करा. ती अजून आईचे दूध पीत आहेत असे वाटेल आणि मन धजावणार नाही, पण चार आठवड्यांची मादीसुद्धा गाभण राहू शकते.

विकत घेत असाल तर पुढील कागद मागून घ्या आणि एका फाइलमध्ये ठेवा :

• विक्रेत्याची पावती, ज्यात प्राण्याचे लिंग आणि अंदाजे वय लिहिलेले असेल
• दुकानाची नोंदणी. पाळीव प्राणी विक्री दुकानांसंबंधीच्या २०१८ च्या नियमांनुसार दुकानाला राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते
• पहिल्या तपासणीची डॉक्टरांची चिठ्ठी
• वजनाची वही, जी तुम्हीच सुरू करायची आहे

दत्तक मिळत असेल तर तो मार्ग अधिक चांगला. हौस फिटली म्हणून दिलेल्या, आधीच एकमेकांत रुळलेल्या जोड्या शहरांमध्ये बऱ्याच वेळा मिळतात.

४. घर मांडणे

दुकानात मिळणारा छोटा पिंजरा एका गिनीपिगलाही पुरत नाही. दोघांसाठी किमान साडेसात चौरस फूट, म्हणजे सुमारे ३० इंच बाय ३६ इंच मोकळी जमीन हवी. दोन नर असतील तर दहा चौरस फुटांच्या खाली जाऊ नका. हा हिशेब जमिनीचा आहे. वरचा मजला त्यात धरू नका, कारण गिनीपिग चढणारा नव्हे, पळणारा प्राणी आहे.

आमचे घर आम्ही जोडता येणाऱ्या तारेच्या जाळ्या आणि फलकवाल्याकडून कापून आणलेले सनपॅक शीट (पोकळ पन्हळीचा प्लास्टिकचा पत्रा) यांपासून केले. ते हलके असते, धुता येते आणि पुढे वाढवता येते. तारेची जाळी मात्र बाजूंनाच हवी. पायाखाली जाळी असेल तर तळव्यांना जखमा होऊन त्या चिघळतात. तळमजल्यावर किंवा जुन्या घरात राहत असाल तर मांजर आणि घूस यांच्यापासून बचावासाठी वरून झाकणही लागेल.

लागणारे साहित्य असे :

• प्रत्येकी एक पाण्याची बाटली आणि प्रत्येकी एक जड वाडगा
• सुका चारा ठेवण्याच्या किमान दोन जागा, एकमेकींपासून दूर
• लपण्याची तीन घरे. प्रत्येकाला दोन दारे
• अंथरण्यासाठी जुनी सुती गोधडी आणि वर फ्लीसचे कापड, किंवा कागदी भुसा
• स्वयंपाकघरातील ग्रॅममध्ये मोजणारा काटा
• जाड टॉवेल आणि प्लास्टिकची सुपली
• पांढरे व्हिनेगर. लघवीचे पांढरे डाग त्यानेच निघतात

लपण्याच्या घराला दोन दारे असावीत, ही यादीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. एकच दार असेल तर दबंग प्राणी दारात बसतो, आतला कोंडला जातो आणि तेथेच चावाचावी होते. बुटांच्या खोक्याला दोन्ही बाजूंनी भोके पाडली तरी काम होते. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात प्लायवूडच्या गोंदाचा आणि उग्र वासाच्या लाकडाचा अंश असतो. तो श्वासाला बाधतो. सफाईसाठी फिनाईलही नको. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगा.

५. नवा सोबती आणल्यास पहिले दोन-तीन आठवडे वेगळे

दोघे एकाच ठिकाणाहून, आधीपासून एकत्र असलेले आणले असतील तर ही आणि पुढची पायरी तुम्हाला लागू नाही. त्यांना तोडू नका. पण घरात एक गिनीपिग आहे आणि त्याच्यासाठी सोबती आणला आहे, अशी स्थिती असेल तर नव्याला दोन ते तीन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा. खरजेचे किडे, बुरशीचे गोल चट्टे आणि श्वसनाचे आजार या काळात दिसून येतात. आधी जुन्याचे काम करा, मग नव्याचे आणि नंतर हात साबणाने धुवा. बुरशी माणसालाही लागते, म्हणून घरात लहान मूल असेल तर अधिक दक्षता घ्या.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत दोघांचे घर शेजारी-शेजारी, मध्ये जाळी ठेवून मांडता येते. त्यांना वास ओळखीचा होतो. मात्र अनेक आठवडे जाळीआडून पाहत राहिल्यास चीड वाढते, म्हणून हे लांबवू नका.

६. ओळख करून देण्याचा दिवस

येथे घाई केली की सगळे बिघडते. पूर्ण दिवस मोकळा असेल असा रविवार निवडा. जागा दोघांनाही अनोळखी हवी. आम्ही हॉलची फरशी पुसून, तीवर चादर अंथरून, चारही बाजूंनी जाळ्या उभ्या केल्या. मध्यभागी सुक्या गवताचा मोठा ढीग आणि कोथिंबिरीच्या जुड्या पसरल्या. त्या दिवशी लपण्याची घरे एक तर ठेवू नका किंवा दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडी ठेवा. दोघांना एकाच वेळी, समोरासमोर नव्हे तर गवताच्या दोन बाजूंना सोडा आणि नंतर हात मागे घेऊन शांत बसा.

पहिल्या अर्ध्या तासात जे दिसते त्याने नवा माणूस घाबरतो आणि त्यांना लगेच वेगळे करतो. ही सर्वांत मोठी चूक आहे. पुढील गोष्टी अगदी स्वाभाविक आहेत : एकमेकांचे मागचे अंग हुंगणे, कंबर डोलवत संथ चालीने खोल गुरगुरणे, पाठलाग, अंगावर चढणे, हनुवटी वर करून ‘मी मोठा’ असे दाखवणे, मादीने मागे वळून लघवीची चिळकांडी मारणे, पाठीवरचे चार केस उपटणे. यांतून कोण वरचढ आणि कोण दुय्यम हे ठरते. हे ठरल्याशिवाय शांतता येत नाही, आणि एकदा ठरले की दुय्यम प्राणीही निवांत होतो.

सावध व्हायचे ते दातांचा सतत खडखड आवाज आला, मानेवरचे केस उभे राहिले आणि जबडा उघडून दात दाखवले गेले तर. अशा वेळी मध्ये पुठ्ठा आडवा धरा, गवत हलवा, लक्ष दुसरीकडे वळवा. दोघे तोंडासमोर तोंड आणून मागच्या पायांवर उठले आणि झेप घेतली, किंवा एकमेकांत गुरफटून गोळा झाले, तर तत्काळ वेगळे करायचे आहे. त्या क्षणी उघडा हात मध्ये घालू नका. त्यांचे पुढचे दात बोटात खोल जातात. जाड टॉवेल टाका किंवा सुपली मध्ये सरकवा. कोणाच्याही अंगावर रक्त दिसले तर त्या दिवशीचा प्रयत्न थांबवून जखम डॉक्टरांना दाखवा. केसांखालची चाव्याची जखम लहान दिसते आणि आत पू धरते.

रक्त नसेल तर मात्र धीर धरा. किमान दोन-तीन तास, जमल्यास संध्याकाळपर्यंत त्यांना एकत्र राहू द्या. ‘आज अर्धा तास, उद्या अर्धा तास’ अशी पद्धत पुष्कळ जण सुचवतात, परंतु प्रत्येक वेळी वेगळे केले की वर्चस्वाचा प्रश्न अर्धवट राहतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू होतो. आमच्या नराला नसबंदीनंतरचे सहा आठवडे संपवून माद्यांमध्ये सोडले तेव्हा मोठी मादी जवळपास दोन तास त्याच्यावर दात वाजवीत होती. त्यानंतर तिघेही एकाच ढिगातून गवत खाऊ लागले आणि संध्याकाळी तो तिच्यापासून वीतभर अंतरावर पाय पसरून झोपला होता. शेजारी खाणे आणि पाय पसरून झोपणे, या दोन खुणा दिसल्या की त्यांचे जमले असे समजावे.

दोघांना एकत्र आंघोळ घातली की ती जवळ येतात, असा एक सल्ला ऐकायला मिळतो. ती जवळ येतात ती भीतीने. अंग वाळले की भांडण तेथेच असते, वर सर्दीची भर.

७. एका घरात हलवणे

घर व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन काढा, गोधडी बदला, लपण्याच्या घरांच्या जागा बदला आणि मग दोघांना एकदमच आत सोडा. जुन्याला ते ‘माझे घर’ वाटता कामा नये. येथे पुन्हा थोडा पाठलाग होईल. पहिले पंधरा दिवस दोघांचे वजन एक दिवसाआड करा, नंतर दर आठवड्याला. प्रौढ गिनीपिग साधारण ७०० ग्रॅम ते १२०० ग्रॅमचा असतो आणि २०-३० ग्रॅमचा चढउतार रोजचा आहे. पण एकाचे वजन सतत घटत असेल आणि दुसऱ्याचे वाढत असेल, तर दिसायला शांत असलेल्या त्या घरात एकाला खाऊ दिले जात नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. गवताची आणि पाण्याची आणखी एक जागा वाढवा, आणि तरीही घट थांबली नाही तर दात तपासून घ्या.

८. दोघांचे खाणे

आहारातील साधारण ८० टक्के भाग गवत असावे आणि ते चोवीस तास समोर असावे. दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे ते गवत चावूनच झिजतात. टिमोथीचे सुके गवत ऑनलाइन मिळते, पण महाग असते. फवारणी नसलेल्या जागेची हरळी किंवा मारवेल धुऊन, सावलीत सुकवून देता येते. लसूणघासात चुना जास्त असतो, म्हणून तो पिल्ले आणि गाभण मादी यांनाच द्या. प्रौढांना मूतखड्याचा त्रास होऊ शकतो. शेतकरी जनावरांना कोवळी, पोटरीत न आलेली ज्वारी खाऊ देत नाहीत, कारण तिच्यात विषार असतो. तीच काळजी येथेही घ्यावी.

माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. प्रौढाला दर किलो वजनामागे दररोज १० ते ३० मिलिग्रॅम लागते. हिरव्या ढोबळी मिरचीचे ३० ग्रॅम रोज दिले तर निरोगी प्राण्याची गरज भागते. पेरूची छोटी फोड आणि आवळ्याचा कीस हेही उत्तम, पण पेरूत साखर असल्यामुळे तो आठवड्यातून एक-दोनदाच द्या. पाण्यात थेंब टाकण्याचा उपाय भरवशाचा नाही. उजेडात ते जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. कोथिंबीर, काकडी आणि थोडी मेथी चालते. पालकात मूतखड्याला कारण ठरणारे ऑक्झलेट जास्त असल्याने तो क्वचित द्यावा. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, भात, दूध आणि बिस्किटे देऊ नका.

वाटी दोन ठिकाणी ठेवूनही एक जण दुसऱ्याच्या वाटीतले पळवतो. म्हणून भाजी वाटीत न देता गवतात पसरून द्या. शोधत खाताना दोघांनाही वाटा मिळतो.

९. ऊन, पाऊस आणि फटाके

या प्राण्याला २६ अंशांपर्यंत बरे वाटते. तीसच्या पुढे धोका सुरू होतो. पुण्याचा एप्रिल आणि विदर्भाचा मे लक्षात घेता घरातील सर्वांत थंड खोली त्यांची असावी. शहाबादी फरशीचे तुकडे सावलीत ठेवले की ते आपोआप त्यांवर जाऊन बसतात. पाण्याने भरून गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून ठेवा, आणि प्रत्येकासाठी एक ठेवा. एकच असेल तर वरचढ प्राणी ती बळकावतो. तोंड उघडून धापा, लाळ, आडवे पडून न उठणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. कान आणि पाय साध्या थंड पाण्याने ओले करा, बर्फाचे पाणी वापरू नका, आणि डॉक्टरांकडे निघा.

पावसाळ्यात गवताला कुबट वास आला तर ते फेकून द्या. दिवाळीत खिडक्या बंद करून त्यांच्या घरात जास्तीचे गवत भरा; त्यात शिरून बसणे त्यांना धीर देते.

१०. एक आजारी पडल्यास

बारा तास काहीच खाल्ले नाही, लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. जाताना दोघांनाही एकाच टोपलीत न्या. आजारी प्राणी एकटा गेला आणि दवाखान्याचा वास घेऊन परतला तर सोबती त्याला परका समजून भांडतो, आणि महिन्यांची जमवाजमव एका दिवसात मोडते. मुक्काम करावा लागणार असेल तर घरच्या गोधडीचा तुकडा त्याच्यासोबत द्या.

जोडीतील एक गेला तर दुसऱ्याला काही वेळ त्याच्याजवळ राहू द्या. तो हुंगेल, कदाचित ढकलून पाहील आणि मग दूर जाईल. त्यानंतरचा आठवडाभर त्याचे रोज वजन करा, त्याच्या आवडीची कोथिंबीर हातातून द्या आणि नवा सोबती शोधायला त्याच आठवड्यात सुरुवात करा. तो मिळाला की पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरू करायचे आहे.